पहिला शब्द कोणाचा?
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे : मुलांचे लेखन

मुलांच्या निबंधलेखनाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार होती : मूल बोलते भरभरून, पण वही पुढे आली की त्याची सगळी वाक्ये एकाच साच्यातून काढल्यासारखी उतरतात. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. मुंबईतल्या एका मराठी शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना तीस वर्षे मराठी शिकवताना जे हाती लागले, त्याच्या आधाराने ही उत्तरे लिहीत आहे.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे. डिसेंबरमध्ये शाळेची सहल घारापुरीला गेली होती आणि तिच्यावर निबंध लिहायचा होता. त्याने लिहिलेला उतारा जसाच्या तसा देतो : ‘आम्ही सकाळी सहा वाजता शाळेत जमलो. आम्ही बसने गेटवेला गेलो. आम्ही लाँचमध्ये बसलो. आम्ही सीगल पक्षी पाहिले. आम्ही घारापुरीला उतरलो. आम्ही पायऱ्या चढलो. आम्ही लेणी पाहिली. आम्ही डबा खाल्ला. आम्हाला खूप मजा आली.’ यात चूक एकही नाही, पण वाचवत नाही. ‘वाक्यांची सुरुवात बदल’ असे मी सांगितले, तर त्याने प्रत्येक ‘आम्ही’च्या आधी ‘मग’ लिहून आणले. त्याला नेमके काय सांगावे?
— एक पालक, दादर

उत्तर : प्रथम मुलाच्या पदरात जे आहे ते त्याला द्यावे. घटनांचा क्रम बरोबर आहे, क्रियापदे बरोबर चालली आहेत आणि सीगल पक्ष्यांची आठवण त्याने न विसरता ठेवली आहे. नऊ वाक्यांत आठ वेळा ‘आम्ही’ आणि एकदा ‘आम्हाला’ आले आहे, पण शब्द पुन्हा आला एवढाच येथे प्रश्न नाही. प्रत्येक वाक्याच्या दारात मुलगा स्वतः उभा राहिला आहे, त्यामुळे समुद्र, पक्षी, पायऱ्या आणि लेणी त्याच्या पाठीमागे राहिली आहेत आणि आपल्याला दिसत नाहीत. ‘सुरुवात बदल’ हे सांगणे त्याला म्हणूनच कळले नाही. शब्द बदलायचा असतो असे त्याला वाटले, आणि त्याने प्रामाणिकपणे एक शब्द वाढवला.

पहिली पायरी फार सोपी आहे. मराठी क्रियापद कर्त्याला आपल्या पोटात घेऊन फिरते. ‘जमलो’ म्हटले की जमणारे आम्ही, हे सांगावे लागत नाही. ‘उतरलो’, ‘चढलो’, ‘बसलो’ यांचेही तसेच. म्हणून मुलाला पेन्सिल देऊन सांगावे की जेथे ‘आम्ही’ खोडूनही वाक्य उभे राहते, तेथे तो शब्द खोड. मुले हे काम आनंदाने करतात, कारण निबंधात काही कमी करायला कोणी सांगेल अशी त्यांची अपेक्षा नसते. येथे एक बारकावा मात्र पालकांनी ध्यानात ठेवावा. ‘लेणी पाहिली’, ‘डबा खाल्ला’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते, कर्त्याच्या नाही. ‘पाहिली’ हे रूप लेण्यांचे आहे, पाहणाऱ्याचे नाही. तेथे कर्ता गाळला तर तो मागच्या वाक्यातून कळला पाहिजे. मागच्या वाक्यात आपण असलो तर चालते, पण मागच्या वाक्यात सर असतील आणि पुढे नुसतेच ‘डबा खाल्ला’ आले, तर डबा सरांनी खाल्ला असे होईल.

दुसरी पायरी म्हणजे वाक्यातले शब्द हलवून पाहणे. आपल्या भाषेत नामाला विभक्ती चिकटलेली असते, त्यामुळे शब्द जागचा हलला तरी त्याचे नाते तुटत नाही. ‘आजीने मला डबा दिला’, ‘मला आजीने डबा दिला’, ‘डबा मला आजीने दिला’ ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण ती एक नाहीत. पहिल्यात आपण आजीकडे पाहत आहोत. तिसऱ्यात डबा आधीच समोर आहे आणि तो कोणी दिला एवढेच सांगायचे राहिले आहे. म्हणून ‘आजीने’ हा शब्द क्रियापदाला अगदी खेटून बसला आहे. मराठी वाक्यात क्रियापदाच्या लगतची जागा वजनदार असते आणि सुरुवातीची जागा ओळखीची असते. ज्याविषयी वाचकाला आधीच थोडे ठाऊक आहे ते पुढे ठेवावे आणि नवी गोष्ट क्रियापदाजवळ न्यावी, एवढे ज्याला साधते त्याची वाक्ये आपोआप वेगवेगळ्या शब्दांनी सुरू होतात.

मुलांना हे नियम म्हणून सांगण्याची गरज नाही. गाडीत किंवा घरी खेळतो त्या भेंड्या त्यांना येतात. एकाने जेथे सोडले तेथून दुसऱ्याने उचलायचे. वर्गात मी ‘वाक्यांच्या भेंड्या’ खेळत असे. एकाने एक वाक्य म्हणायचे आणि पुढच्याने त्यातले शेवटचे नाम उचलून आपले वाक्य सुरू करायचे. ‘बेटावर खूप माकडे होती.’ ‘माकडांनी एका मुलीच्या हातातली बाटली ओढली.’ ‘बाटलीत सरबत होते.’ ‘सरबताचा वास आल्यावर दुसरी चार माकडे धावली.’ एवढ्या वेळात कोणालाही ‘आम्ही’ची आठवण होत नाही, आणि विशेष म्हणजे वर्णन आपोआप जवळ जाते. लेखनात प्रत्येक वाक्य असे साखळीने बांधायचे नसते हे खरे, परंतु मागच्या वाक्याचे शेपूट पुढच्या वाक्याने धरायचे असते ही जाणीव या खेळातून हाताला लागते.

तिसरी पायरी म्हणजे प्रश्न विचारणे, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची आहे. वही बाजूला ठेवून मुलाला विचारावे : शाळेत जमलात तेव्हा उजेड होता का? लाँच सुरू झाली तेव्हा आधी काय ऐकू आले? किती पायऱ्या चढलास? दम कुठे लागला? लेण्यात शिरल्यावर अंगाला काय जाणवले? त्याने तोंडी दिलेले उत्तर ज्या शब्दाने सुरू होईल, त्याच शब्दाने वाक्य सुरू करायला सांगावे. बोलताना मूल सहसा बरोबर जागी सुरू होते; लिहिताना मात्र ते बिचकते आणि ‘आम्ही’चा कठडा धरते. आपल्या मुलाचा उतारा अशा गप्पांनंतर साधारण असा होऊ शकेल :

‘सकाळी सहाला शाळेत जमलो तेव्हा अंधार होता. बस गेटवेला पोहोचेपर्यंत उजाडले. लाँच सुटली आणि सीगल आमच्या मागे लागले. त्यांतला एक इतका जवळ आला, की त्याचा डोळा दिसला. घारापुरीला उतरल्यावर पायऱ्या लागतात. ऐंशीपर्यंत मी त्या मोजल्या, नंतर दम लागला. आत शिरल्यावर एकदम गार वाटले. समोर तीन तोंडांची प्रचंड मूर्ती होती. तिच्यापुढे आमचे उंच सरही लहान दिसत होते.’

यात एकही शब्द मुलाच्या आवाक्याबाहेरचा नाही. ‘खूप मजा आली’ हे वाक्य गेले, आणि त्याची उणीव भासत नाही. आपण त्याला हा उतारा वाचून दाखवू नये अशी मात्र विनंती आहे, कारण तो माझा आहे. ऐंशी पायऱ्या मी मोजल्या आहेत. त्याने कदाचित पायऱ्यांकडे पाहिलेही नसेल आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांतल्या माळांकडेच पाहिले असेल. मग त्याचे वाक्य माळांनी सुरू झाले पाहिजे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी महापालिकेच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. वाक्यांची सुरुवात वैविध्यपूर्ण व्हावी म्हणून मी वर्गात एक तक्ता लावला आहे. त्यात ‘अचानक’, ‘तेवढ्यात’, ‘इतक्यात’, ‘सुदैवाने’, ‘खरे तर’, ‘दरम्यान’ असे तीस शब्द आहेत, शिवाय ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘-ल्यावर’ लावून वाक्य सुरू करण्याचा सराव घेतला. परिणाम मला अपेक्षित होता तसा झाला नाही. आता प्रत्येक निबंधात चार ठिकाणी ‘अचानक’ आहे, आणि एका मुलाने ‘बसमधून उतरून पाऊस सुरू झाला’ असे लिहिले आहे. वाक्य चुकल्याचे कळते, पण का चुकले हे मुलांना समजावता आले नाही.
— एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : आपल्या पत्राने मला माझी सुरुवातीची वर्षे आठवली. असाच एक तक्ता मीही लावला होता, आणि वर्ष संपण्याआधी तो काढून ठेवला. तक्त्यावरचे शब्द वाईट नसतात. पण मूल ते शब्द दागिने म्हणून उचलते, आणि पूर्वी जेथे ‘आम्ही’ होते तेथे आता ‘अचानक’ बसते. साचा तोच राहतो.

तक्ता ठेवायचाच असेल तर तीस शब्दांऐवजी चारच ठेवावेत आणि प्रत्येकाला काय लागते ते मुलांबरोबर शोधावे. उदाहरणार्थ ‘तेवढ्यात’ घ्या. या शब्दाला आधी काहीतरी चालू असलेले लागते. ‘मी दाराची कडी काढत होते. तेवढ्यात आतून आवाज आला.’ पहिले वाक्य काढले तर ‘तेवढ्यात’ अधांतरी राहतो. ‘अचानक’ला आधी काही नसले तरी चालते, पण वाचक बेसावध असावा लागतो, जेथे सगळेच अचानक घडते तेथे काहीच अचानक नसते. ‘दरम्यान’ हा शब्द बातमीदाराचा आहे, सातवीतल्या मुलाच्या सहलीत त्याला काम नाही. ‘सुदैवाने’ लिहिण्यापूर्वी दुर्दैव काय होऊ शकले असते ते वाचकाला कळलेले असावे. असे एकेका शब्दाचे काम मुलांनी स्वतः शोधले, की तो शब्द ती जपून वापरतात.

आता ‘बसमधून उतरून पाऊस सुरू झाला’. आपण वर्गात एवढाच प्रश्न विचारा : बसमधून कोण उतरले? मुले हसतील, कारण पाऊस तिकीट काढून बसमध्ये बसला होता असे चित्र त्यांना लगेच दिसेल. ‘-ऊन’ लावलेल्या क्रियेचा आणि पुढच्या मुख्य क्रियेचा करणारा एकच असावा लागतो. ‘बसमधून उतरून आम्ही रांगेत उभे राहिलो’ हे बरोबर, कारण उतरणारे आणि उभे राहणारे तेच. करणारे दोन असतील तर ‘-ल्यावर’ किंवा ‘-ताच’ वापरता येते : ‘बसमधून उतरल्यावर पाऊस सुरू झाला’, ‘बसमधून उतरताच पाऊस सुरू झाला’. ही दोन्ही वाक्ये चालतात आणि दोहोंत फरकही आहे. दुसऱ्यात छत्री उघडायला वेळ मिळालेला नाही.

हुशार मुले येथे शंका काढतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. ‘डोंगर चढून मला दम लागला’ या वाक्यात व्याकरणाने कर्ता ‘दम’ आहे, पण दम काही डोंगर चढलेला नाही. तरी वाक्य बरोबर वाटते. कारण जिला दम लागला तीच चढली आहे. म्हणजे येथे प्रथमेतला शब्द शोधत बसण्यापेक्षा ‘हे ज्याच्याबाबत घडले तोच पहिले काम करणारा आहे ना?’ असे विचारणे अधिक उपयोगाचे.

‘-ताना’चा घोटाळा निराळा असतो. ‘रस्ता ओलांडताना मला एक आजोबा दिसले’ या वाक्यात रस्ता कोण ओलांडत होते? मी की आजोबा? दोन्ही अर्थ निघतात. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र स्वच्छ असते, त्यामुळे त्याला हे दिसत नाही. एका मुलाने वाचावे आणि दुसऱ्याने ते दृश्य वर्गात उभे राहून करून दाखवावे, असा प्रयोग करून पाहा. करणारा मुलगा मध्येच थांबतो आणि विचारतो, ‘मी चालू की थांबू?’ तेथे दुरुस्ती सुरू होते. ‘रस्ता ओलांडणारे एक आजोबा मला दिसले’ किंवा ‘मी रस्ता ओलांडत होतो, तेव्हा पलीकडे एक आजोबा दिसले’ असे वर्गच सुचवतो.

सरावात एक रूप फार कमी वेळा येते, ते आपण जरूर द्यावे : ‘न’ लावून केलेली सुरुवात. ‘मागे वळून न बघता ती निघून गेली.’ ‘एक शब्दही न बोलता बाबांनी पेपर घडी केला.’ जे घडले नाही ते आधी सांगितल्यामुळे जे घडले त्याला धार येते. माझ्या वर्गातल्या मुलांना हे रूप एकदा सापडले की ती भांडणाचे, रुसव्याचे, शांत बसण्याचे प्रसंग लिहू लागत, जे एरवी त्यांच्या निबंधात कधी येतच नसत.

आणि ‘उठून, दात घासून, आंघोळ करून, नाश्ता करून, दप्तर भरून’ अशी माळ कोणी लावली, तर ती घाई दाखवण्यासाठी लावली आहे का एवढे विचारावे. घाई असेल तर माळ राहू द्यावी. नसेल तर दोनच ठेवावेत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझी नात तिसरीत आहे. तिच्या शिकवणीत सांगितले आहे, की लागोपाठ दोन वाक्ये एकाच शब्दाने सुरू झाली तर ती चूक धरावी. मला हे पटत नाही. आमच्या लहानपणी आजीच्या तोंडून ज्या गोष्टी ऐकल्या, त्यांत तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत आणि ते आम्हाला गोड लागत. मी चुकतो आहे का?
— एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आपण चुकत नाही. चिऊकाऊची गोष्ट सांगताना काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे असे लागोपाठ येते, तेव्हा ती पुनरुक्ती दोन घरांना शेजारी शेजारी उभे करते. तिसरीतल्याच काय, तीन वर्षांच्या मुलालाही पुढे काय होणार ते त्यावरून कळते. शिवाय त्याच गोष्टीची सुरुवात ‘एक होता काऊ’ अशी असते, ‘एक काऊ होता’ अशी नव्हे. म्हणजे वाक्याची मोडणी बदलण्याचा पहिला धडा मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच मिळालेला असतो.

माझ्या वर्गात आजी गेल्यानंतरच्या दिवसांविषयी एका मुलीने लिहिले होते : ‘आजी नव्हती. आजीची काठी होती. आजीचा चष्मा खिडकीत होता. आजीने केलेला मुरांबा बरणीत तसाच होता.’ चारही वाक्ये एकाच नावाने सुरू होतात. ती बदलून ‘खिडकीत चष्मा होता, बरणीत मुरांबा होता’ असे केले असते, तर घरातल्या वस्तूंची यादी झाली असती. त्या मुलीच्या मनात दुसरा शब्दच नव्हता आणि तिने तो लपवला नाही.

नातीसाठी एक साधी कसोटी सांगते, जी मी मुलांना सांगत आले आहे : पुन्हा आलेला शब्द झाकून वाक्य मोठ्याने वाच. काही हरवल्यासारखे वाटले तर शब्द ठेव, काहीच वाटले नाही तर काढ. शिकवणीतल्या नियमामागचा हेतू चांगला आहे, पण तिसरीच्या मुलीने चुकीच्या भीतीने पहिला शब्द निवडू नये, असे मला तळमळीने वाटते. त्या वयात तिने भरपूर लिहावे, ‘मी’ने सुरू होणारी शंभर वाक्ये लिहावीत. निवड करण्याचे वय पुढे दोन-तीन वर्षांनी येते.

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमात पाचवीला आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लिहिताना ती ‘तो होता एक छान दिवस’, ‘जेव्हा मी घरी गेली, तेव्हा आई होती झोपलेली’ असे लिहिते. तिला वाटते की ती सुरुवात बदलते आहे. हे चालेल का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, तेव्हापासून हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला असणार. आपल्या घरात मराठी बोलली जाते, त्यामुळे तुमचे काम पुष्कळ सोपे आहे.

‘तो होता एक छान दिवस’ हे वाक्य मराठी शब्दांचे असले तरी त्याचा सांगाडा इंग्रजी आहे. मराठीत क्रियापद शेवटून उचलून मध्ये आणता येते, पण त्यामागे काही भाव लागतो. ‘सुटली एकदाची लाँच!’ यात वाट पाहून कंटाळल्याचा सुस्कारा आहे, म्हणून ते शोभते. छान दिवसाच्या वाक्यात तसे काही नाही. ‘तो दिवस छान होता’ हेही मी तिला सुचवणार नाही. दिवस कशाने छान झाला, त्यानेच वाक्य सुरू करू द्या.

‘जेव्हा’ने सुरू होणारी वाक्ये अशुद्ध नाहीत. मात्र मराठीत पहिला ‘जेव्हा’ बहुतेक वेळा गाळता येतो आणि गाळला की वाक्य मोकळे होते : ‘मी घरी पोहोचले, तेव्हा आई झोपली होती.’ (‘मी गेली’ हे मुंबईत सर्रास ऐकू येते, लेखनात ‘गेले’ लिहावे.) तिला जोडीने चालणारे शब्द आवडत असतील, तर जो–तो, जिथे–तिथे, जितका–तितका या जोड्या शिकवा. त्या अस्सल आपल्या आहेत, आणि त्यांनी सुरू होणारे वाक्य वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवते. एक नमुना देते : ‘ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आज बेटावर नाही, तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.’ ‘ज्या’ने सुरुवात केल्यामुळे वाचक ‘तो’ची वाट पाहतो, आणि ‘तो’ येतो तेव्हा भलतीच बातमी घेऊन येतो. एखाद्या रविवारी मुलीला तो हत्ती दाखवून आणा आणि घरी आल्यावर तिला ‘ज्या’ने सुरू होणारे एकच वाक्य लिहू द्या. एकाहून जास्त मागू नका. ही वाक्ये जड असतात आणि एका परिच्छेदात एक पुरते.

तिने लिहिलेले तिलाच मोठ्याने वाचायला लावा आणि आपण ते आजीला फोनवर सांगत आहोत असे समजायला सांगा. ‘आई होती झोपलेली’ असे ती आजीला सांगणार नाही. ज्या ठिकाणी वाचताना तिची जीभ अडखळेल किंवा आपोआप शब्द फिरवेल, तेथे पेन्सिलीने टिंब करावे. दुरुस्ती तिच्या कानाने केलेली असेल, तर ती पुढच्या निबंधातही टिकते.

प्रश्न : बाई, मी पाचवीत आहे. मी ‘वाट पाहताना’ असा निबंध लिहिला. माझे आजोबा सावंतवाडीहून तुतारी एक्सप्रेसने येणार होते आणि मी बाबांबरोबर सकाळी दादरला गेले होते. माझे शेवटचे वाक्य ‘आणि आजोबा उतरले.’ असे आहे. आमच्या बाईंनी ‘आणि’खाली लाल रेघ मारली आणि लिहिले, की ‘आणि’ने वाक्य सुरू करू नये. मला ते वाक्य बदलायचे नाही. मी काय करू? निबंध सोबत पाठवला आहे.
— एक मुलगी, परळ

उत्तर : तुझा निबंध मी दोनदा वाचला. गाडी फलाटावर लागली, डब्यांतून माणसे उतरली, पेट्या उतरल्या, फणस उतरले, एका बाईंच्या हातातली कोंबडी ओरडली, फलाट रिकामा होऊ लागला आणि तुझ्या बाबांनी फोन काढला, एवढे सगळे तू नीट सांगितले आहेस. त्यानंतर पूर्णविराम देऊन तू ‘आणि आजोबा उतरले.’ असे लिहिलेस. तेथे ‘आणि’ हवाच. तू जेवढा वेळ थांबलीस तेवढा वेळ वाचकही थांबला आहे, आणि त्या शब्दाने त्याचा जीव भांड्यात पडतो.

तरी तुझ्या बाईंनी रेघ का मारली असेल, तेही मला दिसते. तुझ्या निबंधात ‘आणि’ने सुरू होणारी वाक्ये मी मोजली, ती सात आहेत. ‘आणि आम्ही टॅक्सीने गेलो.’ ‘आणि खूप गर्दी होती.’ ‘आणि बाबांनी मला बिस्किट दिले.’ असे करत करत आपण शेवटच्या वाक्याला पोहोचतो, तोवर तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेला असतो, आणि आजोबा उतरतात तेव्हा त्याच्यात काही उरत नाही. म्हणून पहिले सहा ‘आणि’ काढ. टॅक्सीचे वाक्य टॅक्सीनेच सुरू कर. गर्दीचे वाक्य कुठून सुरू करायचे ते तूच ठरव; मला तुझ्या निबंधातली कोंबडी फार आवडली, ती जरा आधी ओरडली तरी हरकत नाही. निबंध पुन्हा स्वच्छ लिहून काढ आणि बाईंकडे घेऊन जा. शेवटचे वाक्य तुला का ठेवायचे आहे, ते त्यांना तुझ्या शब्दांत सांग. त्यानंतर त्या काय म्हणाल्या ते मला कळव, आणि आजोबांनी पिशवीतून काय काय आणले होते तेही, कारण ते तू लिहायचे विसरली आहेस.